बूट खुंटीला टांगल्यावर संस्था काढताना

गेल्या दोन-तीन हंगामांत खेळणं थांबवलेले बरेच जण भेटतात आणि एकच विचारतात, "पोरं गोळा झाल्यात, मैदान बघितलंय, पण संस्था रजिस्टर करायची म्हणजे नेमकं करायचं काय?" दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढतोय. यातल्या तारखा आणि फॉर्मचे क्रमांक माझ्या वेळचे, म्हणजे २०२२-२३ चे आहेत. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, तेव्हा प्राप्तिकराची कलमं आणि फॉर्म आपापल्या सीएकडून तपासून घ्या. बाकीचा रस्ता तोच आहे.

मी कोल्हापूरचा. तालमीचा डावा बॅक. ज्यांना आमच्याकडचा फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथं संघ क्लबांचे कमी, पेठांचे आणि तालमींचे जास्त. ज्या तालमीत आजोबा लंगोट बांधून मातीत उतरले, तिचाच शर्ट घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. हंगाम सुरू होण्याआधी केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते, मग लीग, आणि लीगनंतर एकामागून एक चषक. मॅच असली की पेठेत दुपारपासून कुणाचं कामात लक्ष नसतं. गांधी मैदानावर, ज्याला जुनी माणसं अजून वरुणतीर्थ म्हणतात, तिथं मी चेंडू लाथाडायला शिकलो. पावसाळ्यात ते मैदान परत तळंच व्हायचं, आम्ही तरी खेळायचो.

माझे पहिले बूट तालमीनं घेतले. पहिल्या हंगामात घरी पैशाची ओढाताण होती, तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मला लावणारे आमचे वस्तादच. मॅचच्या दिवशी दुसऱ्या पाळीला कोण उभं राहणार, हेसुद्धा तालमीतच ठरायचं. खेळाडू म्हणून मी मोठा नव्हतो. पण एवढी वर्षं ए डिव्हिजनमध्ये खेळलो आणि त्यासाठी मला खिशात हात घालावा लागला नाही, हे माझ्या मनात कायम होतं.

२०१८ मध्ये उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन, कुबड्या, मग रोज सकाळी पाय वाकवायचे व्यायाम. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले होते, मला वर्ष लागलं. परत उतरलो, पण वळताना पाय विश्वास देईना. मार्च २०२० मध्ये कोरोनानं हंगाम थांबला आणि त्यानंतर मी नोंदणीच्या कागदावर सही केली नाही.

मधल्या काळात २०१९ चा महापूर येऊन गेला होता, आणि खरं तर संस्थेची सुरुवात तिथली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, चिखली-आंबेवाडीतनं माणसं बोटीनं काढावी लागली. शहरातल्या सगळ्या तालमी, मंडळं बाहेर पडली. कुणी भाकरी गोळा करत होतं, कुणी जनावरं हलवत होतं. माझा पाय पाण्यात उतरण्याजोगा नव्हता, म्हणून मला एका निवारा केंद्रावर बसवलं. काम काय, तर आलेलं सामान लिहून घ्यायचं आणि पोरांवर नजर ठेवायची.

पोरं पन्नास-साठ तरी असतील. बाहेर पाऊस, आत चटया, आणि आयांना पोरांचा ओरडा सहन होईना. तिसऱ्या दिवशी मी तालमीतला जुना बॉल आणला आणि हॉलच्या व्हरांड्यात दप्तरांचे गोलपोस्ट करून फुटबॉल लावला. पोरीही आल्या. पूर ओसरून लोक चिखल काढायला घरी गेले, तरी काही पोरं रविवारी मला शोधत तालमीच्या दारात यायची. तिथून रविवारचा खेळ सुरू झाला. काही महिने तसाच चालला, कोरोनात बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा तेच केंद्र, आणि त्यातली बरीच तीच पोरं, उंच झालेली.

आतापर्यंत बॉल, बिस्किटं, कुणाच्या बुटाचे पैसे हे सगळं आम्ही चार-पाच जण खिशातून करत होतो. २०२१ च्या दिवाळीत पेठेतलाच, पण पुण्यात नोकरीला असलेला एक इंजिनिअर म्हणाला, "मी पंचवीस हजार देतो. पावती कुणाच्या नावानं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करणं कायद्यात बसत नाही. गणपतीला मंडळं धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घेतात ती यासाठीच. पण ती उत्सवापुरती. वर्षभराच्या कामाला संस्थाच लागते. शिवाय एक विचार मला सतावत होता. उद्या माझी बदली झाली, आजारी पडलो, तर रविवारी दार कोण उघडणार? काम माझ्या नावावर होतं, म्हणजे ते माझ्याबरोबर संपणार होतं.

नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला आणि त्यातून पुढं स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली, हे आम्ही सगळे ऐकून होतो. तेवढं मोठं काही डोक्यात नव्हतं. पण इतकी वर्षं टिकलेलं काम एका माणसाच्या हौसेवर चालत नाही, त्यामागं संस्था असते, एवढं त्यातून घेतलं.

२६ जानेवारी २०२२ ला झेंडावंदन झाल्यावर तालमीच्या वरच्या खोलीत बसलो. पहिला प्रश्न: ट्रस्ट की सोसायटी? आमच्या वकिलांनी समजावलं ते असं. नुसता ट्रस्ट करायचा तर ट्रस्ट डीड करून दोन-तीन विश्वस्तांवरही भागतं, पण सूत्रं त्यांच्याच हातात राहतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सोसायटी केली तर किमान सात सभासद लागतात, कार्यकारिणीची मुदत असते, निवडणूक होते. महाराष्ट्रात या सोसायटीची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी करावी लागते, म्हणजे दुहेरी काम. तरी आम्ही सोसायटी निवडली. तालमीत वाढलेल्या माणसाला पंच बदलतात ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते.

सात जण निवडताना एका घरातले दोघं घेतले नाहीत. चार जुने खेळाडू, एक शाळेतल्या बाई, एक फिजिओथेरपिस्ट आणि हिशेबाची आवड असलेले एक निवृत्त बँक कर्मचारी. हे शेवटचे काका नसते तर मी हे लिहीत नसतो. खेळाडू सातही मिळतील, पण व्हाउचर लिहायला माणूस आधी शोधा.

फेब्रुवारीत कागद तयार केले. मुख्य दोन: विधानपत्र आणि नियमावली. विधानपत्रात संस्थेचं नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारिणीची नावं. नावाचे तीन-चार पर्याय तयार ठेवा, कारण त्याच नावाची दुसरी संस्था आधीच नोंदलेली असू शकते. सरकारी वाटेल असं नाव चालत नाही. उद्देशांवर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि ती सत्कारणी लागली. मी फक्त "फुटबॉल प्रशिक्षण" लिहून मोकळा होणार होतो. वकील म्हणाले, "पुरात भाकरी वाटणार का नाही? मग ते उद्देशात पाहिजे. जे उद्देशात नाही त्यावर संस्थेचा पैसा खर्च करता येत नाही." मग क्रीडा, आरोग्य, शिक्षण आणि आपत्तीतली मदत असे चार उद्देश साध्या शब्दांत लिहिले. नंतर उद्देश बदलायचे म्हणजे सगळ्या कार्यालयांच्या पायऱ्या परत चढाव्या लागतात.

नियमावलीत सभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, सभासदत्व कसं जातं, बँकेत सही कुणाची, आणि संस्था बंद झाली तर काय, हे सगळं येतं. शिल्लक राहिलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही, तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे द्यायची, हे कलम स्पष्ट असू द्या. पुढं प्राप्तिकरवालेही ते बघतात.

यांच्याबरोबर सभासदांची यादी सह्यांसह, प्रत्येकाचं संमतीपत्र, एकाला पाठपुराव्याचा अधिकार देणारं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रांच्या प्रती आणि जागेचा पुरावा. जागेपाशी आमचं घोडं अडलं. पत्ता म्हणून एका मित्राची खोली दिली होती. लाइट बिल त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. मग तिन्ही भावांचं ना-हरकत पत्र आणि प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं, त्यातला एक भाऊ कामानिमित्त बाहेरगावी. तो येईपर्यंत मार्च गेला. जागा निवडताना बिल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा, जिवंत मालकाची खोली मिळत असेल तर तीच घ्या.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागदांचा संच धर्मादाय कार्यालयात द्यायचा. सोसायटीचं प्रमाणपत्र मे महिन्यात हातात आलं. मला वाटलं झालं. तो निम्माच रस्ता होता. पुढं १९५० च्या कायद्याच्या कलम १८ खाली परिशिष्ट दोनमधला अर्ज. त्यात विश्वस्तांची नावं, त्यांच्यानंतर नवे कसे नेमणार, उत्पन्नाची साधनं, वर्षाचा अंदाजे खर्च आणि मालमत्ता लिहायची. आमची मालमत्ता म्हणजे काकांकडे जमा केलेली हजार रुपये रोकड. तीही "जंगम मालमत्ता" म्हणून नोंदली गेली. अर्जावर चौकशी होते, हरकती मागवणारी नोटीस लागते, तिची मुदत जावी लागते, मग आदेश होतो आणि नोंदवहीत संस्थेचं नाव चढतं.

हे थांबणं मला फार जड गेलं. खेळाडूला निकाल त्याच दिवशी कळायची सवय असते. हरलो तर हरलो, रात्री तालमीत बसून कुणाचा पास चुकला यावर भांडलो की सकाळी मोकळे. इथं आज जाऊन या, पुढच्या तारखेला या. फौंड्रीतून अर्धा दिवस रजा टाकायची म्हणजे पगार कापला जायचा. बायकोनं एकदा शांतपणे विचारलं, "नोंदणी नसताना पोरं खेळत नव्हती का?" खेळत होती. त्या रात्री हे सगळं सोडून द्यावं असं मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी बँकवाले काका स्वतः फाइल घेऊन माझ्याबरोबर आले आणि पुढच्या बहुतेक तारखांना आलेच. हे काम एकट्यानं करू नका. दोघं असले की रजाही वाटून घेता येते आणि धीरही.

आणखी एक सवय काकांनी लावली. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत घ्यायची आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्यायची. त्रुटी निघाली तर ती लेखी मागायची, एका कागदावर सगळ्या त्रुटींची पूर्तता लिहून द्यायची. नोंदणी क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळाला. वकिलांची फी, नोटरी, कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्स आणि शिक्के धरून पंधरा हजारांच्या आतबाहेर खर्च झाला, त्यातला मोठा भाग वकिलांचा. त्यांनी जुन्या खेळाडूंचं काम म्हणून कमीच घेतले.

वाट बघण्याच्या त्या काळात मी एक गोष्ट केली, ती म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा प्रशिक्षक कोर्स. इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला प्रशिक्षक व्हायला कोर्स कशाला, असं तालमीत बरेच जण म्हणाले. मीही तसंच समजून गेलो असतो, तर पोरांचं नुकसान केलं असतं. आमचा सगळा फुटबॉल ईर्षेवर उभा आहे. समोरच्या पेठेला हरवायचं म्हणून आम्ही पळालो. पण नऊ वर्षांच्या पोराला पहिल्या दिवसापासून हरवायला शिकवलं, तर चेंडूशी त्याची मैत्रीच होत नाही. लहान मैदान, एका बाजूला चार-पाच जण, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. चेंडूही वयाप्रमाणे: साधारण आठ ते बारा वर्षांसाठी चार नंबरचा, त्यावरच्यांना पाच नंबर, अगदी लहानग्यांना तीन. आम्ही सगळ्यांना पाचच देत होतो. पहिल्या देणगीतून चार नंबरचे बॉल आणि कोन घेतले.

नोव्हेंबरात संस्थेचं पॅन कार्ड, डिसेंबरात बँक खातं. बँकेला नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रं, नियमावली आणि खातं उघडण्याचा ठराव लागतो. तिघांच्या सह्या नोंदवून कोणत्याही दोघांच्या सहीनं व्यवहार, असं ठेवलं. जानेवारी २०२३ मध्ये सीएनं १२ ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) साठी फॉर्म १० ए ऑनलाइन भरला, सुमारे दोन महिन्यांत तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी आली. ती आली म्हणून निवांत बसू नका. नियमित नोंदणीसाठी १० एबी भरायचा असतो, काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल ते. आम्ही एप्रिलमध्ये शिबिर घेणार होतो, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवली.

पुण्याच्या इंजिनिअरला पावती गेली, नंबर एक. त्यानं पंचवीसऐवजी तीस हजार पाठवले. पेठेतला दुबईला असलेला एक जणही पैसे देतो म्हणाला. परदेशी देणगीला केंद्राची एफसीआरए परवानगी लागते, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावून मगच पैसे घेतले. त्याचाच एक मित्र दुसऱ्या देशाचा नागरिक झालेला होता, त्याला मात्र नाही म्हणावं लागलं.

मैदान मिळवणं हे वेगळंच प्रकरण. एका शाळेनं आधी हो म्हणून परीक्षेच्या तोंडावर नकार दिला, दुसरीनं लेखी दिलं. लेखी पत्रात वार, वेळ, पाणी आणि स्वच्छतागृहाचा उल्लेख करून घ्या. स्वच्छतागृहाची किल्ली नसेल तर मुली दोन आठवड्यांत येणं बंद करतात, हे मी पाहिलंय. मुलींच्या घरी आमच्या बाई स्वतः गेल्या. बापांना वाटत होतं पोरगी काळी पडेल, हातपाय मोडून घेईल. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की मैदानावर मी सगळा वेळ असेन, आणि त्या खरोखर असतात. प्रत्येक पालकाचं लेखी संमतीपत्र, मुलाचा रक्तगट, आजार, दोन फोन नंबर, आणि आम्हा सगळ्या प्रशिक्षकांचा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला, एवढं शिबिराआधी फाइलला लावलं. कुणी मागितलं नव्हतं. पण दुसऱ्याचं पोर सांभाळायचं तर आपण कोण आहोत हे आधी दाखवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या शिबिराला चाळीसच्या आसपास मुलं-मुली आली. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला, त्यामुळे प्रत्येक बापाला आपलं पोर तिथंच जाणार असं वाटतं. मी त्यांना सांगतो, जाईल तर आनंदच आहे, पण आम्ही त्यासाठी संस्था काढलेली नाही. दहावीपर्यंत शाळा न सोडता मैदानावर येत राहिलं, तरी आमचं काम झालं. हजेरीत सलग तीन रविवार नाव नसलं की आमच्यातलं कुणीतरी घरी जातं. अनेकदा कळतं की पोरगं कामाला लागलंय. त्यातल्या काहींना परत शाळेत आणता आलं, काहींना नाही.

आता दर वर्षीचं काम ठरलेलं आहे. ३१ मार्चला हिशेब बंद, ३१ मेच्या आत देणगीदारांचा तपशील १० बीडीमध्ये, लेखापरीक्षण करून सप्टेंबरअखेर धर्मादाय कार्यालयात हिशेबपत्रकं. इतिवृत्त, पावतीपुस्तकं, साठ्याची वही आणि हजेरी, या चार गोष्टी काका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासतात. फाटलेला बॉलही साठ्याच्या वहीतून सहीनंच कमी होतो.

सध्या फेरफार अर्जाची तयारी चालू आहे. आमचा एक संस्थापक नोकरीसाठी गाव सोडून गेला, त्याच्या जागी पहिल्या शिबिरात खेळलेली आणि आता वयानं अठरा पूर्ण झालेली मुलगी कार्यकारिणीत आली. कलम २२ खाली असा बदल परिशिष्ट तीनमध्ये नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो. सभेची नोटीस, इतिवृत्ताचा उतारा, गेलेल्याचा राजीनामा आणि हिचं संमतीपत्र जोडायचंय. राजीनाम्यावर तारीख टाकायला सांगितलंय, तो आला की सोमवारी ती आणि काका अर्ज द्यायला जाणार आहेत.